आधी चार्जर, मग सेल

रिचार्जेबल पेन्सिल सेल घ्यायला गेलेला माणूस सगळी चौकशी सेलची करतो. किती एमएएचचे (म्हणजे किती वीज साठवणारे), कोणत्या कंपनीचे, किती वेळा चार्ज होतात. चार्जर मात्र पाकिटासोबत आला तो, नाहीतर काउंटरवर सर्वांत स्वस्त असेल तो. मग काही महिन्यांत फ्लॅशगन आठ-दहा फोटोंत दमायला लागते, पोराची गाडी पाच मिनिटांत उभी राहते आणि घरात निकाल लागतो की रिचार्जेबल सेल म्हणजे पैसे पाण्यात. हा सेलवर अन्याय आहे. चांगला निकेल मेटल हायड्राइड सेल, म्हणजे हाच रिचार्जेबल पेन्सिल सेल, वापराने सहसा मरत नाही. त्याला मारणारे दोघेच: न थांबणारा चार्जर आणि यंत्रात त्याच्या शेजारी बसवलेला अशक्त सेल. दोघांपासूनही त्याला वाचवता येतं. म्हणून पैसे मोजकेच असतील तर आधी चार्जर नीट निवडावा आणि सेल दोन कमी घ्यावेत.

सेल भरताना आत काय होतं ते समजलं, की चार्जरच्या खोक्यावरचे शब्द आपोआप उलगडतात. हा सेल १.२ व्होल्टचा म्हणून ओळखला जातो. चार्ज होताना त्याचं व्होल्टेज हळूहळू १.४ च्या वर चढत जातं. तो भरत आला की निकेलच्या धन पट्टीवर ऑक्सिजन सुटायला लागतो. हा वायू मधल्या विभाजकातून, म्हणजे दोन पट्ट्यांमधल्या पडद्यातून, पलीकडे जातो आणि ऋण पट्टीवरच्या हायड्रोजनशी जुळून त्याचं पुन्हा पाणी होतं. ही सोय मुद्दाम केलेली असते. त्यासाठीच ऋण पट्टीची क्षमता धन पट्टीपेक्षा जास्त ठेवतात, नाहीतर बंद डबीत वायूचा दाब वाढत गेला असता. पण या टप्प्यापासून आत जाणारी वीज साठत नाही, तिची उष्णता होते. सेल गरम झाला की त्याचं व्होल्टेज किंचित खाली येतं. किंचित म्हणजे ३ ते ८ मिलिव्होल्ट. एवढ्याशा उतारावरून चार्जरने ओळखायचं असतं की सेल भरला. खोक्यावर लिहिलेलं ‘मायनस डेल्टा व्ही’ ते हेच.

हा उतार हुकला तर काय होतं? प्रवाह जोराचा असेल तर ऑक्सिजन जिरण्यापेक्षा वेगाने तयार होतो, दाब वाढतो आणि धन टोकाच्या टोपीखाली असलेली सुरक्षा झडप उघडते. झडपेतून वायू जातो, म्हणजे पर्यायाने सेलमधलं पाणी जातं. ते परत भरता येत नाही. विभाजक कोरडा पडत जातो आणि सेलचा अंतर्गत रोध, म्हणजे आतून वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो. असा सेल मीटरवर १.३ व्होल्ट दाखवतो, पण फ्लॅशला किंवा मोटरला लागणारा अर्धा-एक अँपिअर मागितला की कोसळतो. घराघरांतल्या ‘वर्षभरात खराब झालेल्या’ सेलांची कहाणी बहुतेक वेळा हीच असते.

प्रवाह बारीक असेल तर हे संकट हळू येतं. सेलच्या क्षमतेच्या एक दशांश प्रवाहाने, म्हणजे २००० एमएएचच्या सेलला २०० मिलिअँपिअरने, १४ ते १६ तास चार्ज करणं ही मान्य असलेली जुनी पद्धत आहे. आत घातलेली सगळी वीज साठत नाही, म्हणून १० तासांऐवजी १४-१६. स्वस्तातले ‘रात्रभराचे’ चार्जर याच पद्धतीवर चालतात. फरक इतकाच की ते थांबत नाहीत. लाल दिवा लावला तेव्हा लागतो आणि काढेपर्यंत लागलेलाच राहतो. एका रात्रीत त्याने काही बिघडत नाही. पण शुक्रवारी लावलेले सेल रविवारी संध्याकाळी काढायचे, हे वर्षभर चाललं की बिघडतं.

असा चार्जर ओळखायला सोपा आहे. त्याच्या मागचं बारीक छापील वाचावं. ‘आउटपुट २.८ व्होल्ट’ आणि पुढे १५० किंवा २०० एमए असं असेल, तर तो दोन सेल एकामागे एक जोडून चार्ज करतो. म्हणूनच त्याला सेल जोडीनेच लावावे लागतात आणि एकटा सेल लावला तर दिवा पेटत नाही. जोडीतला एक सेल अर्धा रिकामा आणि दुसरा पूर्ण रिकामा असला, तरी दोघांतून सारखीच वीज सारख्याच वेळात जाते. पहिला उतू जातो, दुसरा अर्धवट राहतो. ‘आउटपुट १.४’ किंवा ‘१.५ व्होल्ट × ४’ असं असेल आणि प्रत्येक खणाला वेगळा दिवा असेल, तर प्रत्येक सेलकडे स्वतंत्र लक्ष आहे असं धरायला हरकत नाही. चार्जर निवडताना पहिली अट हीच ठेवावी: एक सेल लावूनही तो चालला पाहिजे. याहून साधी परीक्षा नाही, आणि दुकानात उभ्या उभ्या करता येते.

काही चार्जर जोडीने चालतात पण त्यांत टायमर असतो. न थांबणाऱ्यापेक्षा ते बरेच. तरी आपल्याकडे त्यांची एक अडचण आहे, वीज जाण्याची. समजा १० तासांचा टायमर आहे आणि आठव्या तासाला पंधरा मिनिटं वीज गेली. ती आल्यावर असला टायमर पुन्हा शून्यापासून मोजायला लागतो, म्हणजे सेलला एकूण १८ तास मिळतात. भारनियमन असलेल्या गावात हे आठवड्यातून कितीदा होईल हे सांगायला नको. व्होल्टेजचा उतार पाहणारा चार्जरही वीज आल्यावर नव्याने सुरुवात करतो, पण भरलेला सेल त्याला थोड्याच वेळात ओळखू येतो आणि नुकसान तेवढ्यावर थांबतं. जिथे वीज बेभरवशाची, तिथे हुशार चार्जरची गरज शहरापेक्षा जास्त आहे.

आता प्रवाह किती असावा. इथे बहुतेकांचा समज असा की जितकं हळू तितकं चांगलं. न थांबणाऱ्या चार्जरच्या बाबतीत ते खरं, हुशार चार्जरच्या बाबतीत नाही. ३-८ मिलिव्होल्टचा तो उतार दिसायला सेल शेवटी थोडा तापावा लागतो. प्रवाह फार कमी असेल तर उतार इतका सपाट होतो की चार्जरला तो सापडतच नाही आणि सेल तासन् तास उगाच भरत राहतो. सेल बनवणाऱ्या कंपन्या या पद्धतीसाठी क्षमतेच्या निम्मा ते क्षमतेइतका प्रवाह सांगतात, म्हणजे २००० एमएएचच्या डबल ए (नेहमीच्या पेन्सिल) सेलला १ ते २ अँपिअर. घरच्या चार्जरमध्ये पंख्याशिवाय चार सेल शेजारी शेजारी तापतात, हे धरून ५०० मिलिअँपिअर ते १ अँपिअर ही मधली वाट बरी. त्याहून बारीक ट्रिपल ए सेल साधारण ८०० एमएएचचा असतो, त्याला २५० ते ५०० मिलिअँपिअर पुरे. पंधरा-वीस मिनिटांत सेल भरून देणारे चार्जरही निघाले होते. ज्याला कामाच्या मधेच सेल हवे असतात त्याच्यासाठी ते ठीक, पण रोज त्या उष्णतेत सेल टाकणं म्हणजे त्याचं आयुष्य घाईवर खर्च करणं आहे.

वेळेचा हिशेब साधा आहे. सेलची क्षमता भागिले चार्जरचा प्रवाह, आणि त्यावर वीस टक्के जादा. २००० एमएएच आणि ५०० मिलिअँपिअर असेल तर ४ तास आणि वर पाऊण तास. याच्या दीडपट वेळ होऊनही चार्जर थांबला नाही, तर सेल बाहेर काढावा. याच्या पाव वेळात तो ‘फुल’ म्हणाला, तर सेलमध्ये पूर्ण वीज गेलेली नाही. एकतर तो आधीच बराच भरलेला होता, नाहीतर म्हातारा झाला आहे. काही चार्जर ठरावीक व्होल्टेज आलं की थांबतात. रोध वाढलेल्या सेलवर ते व्होल्टेज पहिल्या दहा-वीस मिनिटांतच येतं आणि हिरवा दिवा लागतो. खणाच्या पट्ट्या मळलेल्या असल्या तरी हेच होतं, म्हणून सेलला दोष देण्याआधी पट्ट्या आणि सेलची दोन्ही टोकं कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा लावून पाहावं.

खोक्यावर आणखी तीन गोष्टी शोधाव्यात. तापमान पाहण्याची सोय, सेल ४५-५५ अंशांपलीकडे गेला की तोडणारी. उतार हुकला तरी शेवटी बंद करणारा सुरक्षा टायमर. आणि चुकून लावलेला साधा किंवा अल्कलाइन सेल ओळखून नकार देण्याची सोय. ही तिसरी गोष्ट लहान मुलं असलेल्या घरात फार मोलाची. एकदाच वापरायचा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये गेला तर तो गळतो, कधी फुटतो.

चार खणांच्या चार्जरचा एकूण प्रवाह अनेकदा वाटून घेतलेला असतो. पॅनासॉनिकच्या बीक्यू-सीसी५५ चं उदाहरण घेतलं, तर दोन डबल ए सेल दीड तासात आणि चार सेल तीन तासांत भरतात. त्याच कंपनीचा बीक्यू-सीसी१७ चार सेलांना सुमारे सात तास घेतो, पण प्रत्येक सेल स्वतंत्र पाहतो. दिवसाआड सेल बदलायची घाई नसलेल्या घराला हा दुसरा प्रकार पुरेसा आहे आणि उन्हाळ्यात तोच जास्त सोयीचा. यूएसबीवर चालणारा चार्जर असेल तर त्याला निदान ५ व्होल्ट १ अँपिअरचा, शक्य तर २ अँपिअरचा अडॅप्टर द्यावा. जुन्या साध्या मोबाइलचा अर्ध्या अँपिअरचा अडॅप्टर आणि लांबलचक बारीक केबल जोडली, की वेळ दुप्पट होतो आणि चार्जरला बिचाऱ्याला बोल लागतो.

पडद्यावर आकडे दाखवणारे, सेल पूर्ण उतरवून त्याची खरी क्षमता मोजणारे चार्जर हा वेगळा वर्ग. ओपस, स्कायआरसी, माहा या कंपन्यांची नावं या छंदातल्या लोकांच्या तोंडी असतात. माहाच्या एमएच-सी९००० मध्ये ‘ब्रेक-इन’ नावाची सोय आहे: एक दशांश प्रवाहाने १६ तास चार्ज, तासभर विश्रांती, एक पंचमांश प्रवाहाने डिस्चार्ज आणि पुन्हा १६ तास चार्ज. कित्येक महिने पडून राहिलेल्या सेलला यातून बरंच काही परत मिळतं. घरात वीस-पंचवीस सेल असतील, फोटोग्राफीचा धंदा असेल, शाळेच्या प्रयोगशाळेत किंवा नाट्यसंस्थेच्या ध्वनियंत्रणेत वायरलेस माइक असतील, तर असा एक चार्जर असावाच. आठ सेलांच्या घराला त्याची गरज नाही. तोच पैसा चांगल्या सेलांवर जावा.

सेल घेताना मोठ्या आकड्याला भुलू नये. डबल ए आकारात निकेल मेटल हायड्राइडची खरी क्षमता २७००-२८०० एमएएचच्या आसपास संपते. पाकिटावर ३५०० किंवा ४००० असेल, तर तो आकडा खोटा आहे आणि आकडा खोटा लिहिणाऱ्याचं बाकी लिखाणही वाचायची गरज नाही. वजन हा चांगला साक्षीदार. बरा डबल ए सेल २६ ते ३० ग्रॅम भरतो. सोनाराच्या काट्याची आवश्यकता नाही, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. वीस ग्रॅमच्याही खाली असलेल्या सेलमध्ये माल कमी आहे. भारतात विकल्या जाणाऱ्या अशा सेलांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी लागते. पाकिटावर आयएस १६०४६ आणि ‘आर’ अक्षरापुढे आठ आकडी क्रमांक शोधावा.

खऱ्या आकड्यांतही जास्त म्हणजे चांगलं असं समीकरण नाही. त्याच डबीत जास्त माल कोंबायचा तर विभाजक पातळ करावा लागतो, आणि पातळ विभाजक लवकर थकतो. पॅनासॉनिकच्या एनेलूप नावाच्या साध्या, सुमारे २००० एमएएचच्या सेलला कंपनी २१०० वेळा चार्ज होण्याचं आयुष्य सांगते आणि त्याच घराण्यातल्या २५०० एमएएचच्या प्रो सेलला ५००. हे आकडे प्रमाणित चाचणीतल्या सौम्य वापराचे आहेत, घरात तितके मिळत नाहीत. पण दोघांमधलं प्रमाण बोलकं आहे. पंचवीस टक्के जास्त वेळ चालण्यासाठी आयुष्याचा तीन चतुर्थांश भाग द्यायचा, हा सौदा लग्नाचे फोटो काढणाऱ्याला परवडेल. इतरांनी २००० वर समाधान मानावं.

दुसरी निवड आपोआप उतरण्याची. जुन्या पद्धतीचे सेल भरून कपाटात ठेवले तर पहिल्या दिवसापासूनच झिरपायला लागतात आणि दोन-तीन महिन्यांनी हातात घ्यावे तर रिकामे. सान्योने २००५ च्या नोव्हेंबरात एनेलूप आणले ते याच दुखण्यावर. पुढे सान्यो पॅनासॉनिककडे गेली आणि नावही त्यांच्याबरोबर गेलं. असे सेल वर्षभर ठेवूनही बरीचशी वीज राखतात. आज अनेक कंपन्या ते बनवतात आणि पाकिटावर ‘लो सेल्फ डिस्चार्ज’, ‘प्री-चार्ज्ड’ किंवा ‘रेडी टू यूज’ असं लिहितात. घरासाठी दुसरे सेल घेण्याचं आता कारणच उरलेलं नाही.

आता त्या दुसऱ्या मारेकऱ्याकडे, अशक्त सोबत्याकडे. चार सेलांचं यंत्र आहे आणि ते ३.६ व्होल्टला बंद पडतं असं समजू. चारही सेल सारखे असतील तर प्रत्येकी ०.९ व्होल्टला यंत्र थांबेल, आणि ते योग्यच. पण तीन सेल नवे आणि एक जुना असेल, तर तीन नव्यांचेच १.२ प्रमाणे ३.६ व्होल्ट होतात. चौथा शून्यावर आला तरी यंत्र चालूच. त्यानंतर बाकीचे तिघे आपला प्रवाह त्याच्यातून उलट दिशेने ढकलतात, त्याची ध्रुवता बदलते (धन-ऋण टोकं उलटतात), आत हायड्रोजन सुटतो आणि झडप उघडते. एकदा उलटलेला सेल पहिल्यासारखा होत नाही, म्हणजे पुढच्या वेळी तो आणखी आधी संपतो आणि आणखी जोरात उलटतो. साध्या एलईडी टॉर्चमध्ये तर खालची मर्यादाच नसते. प्रकाश मंद झाला तरी ती जळत राहते. त्यामुळे प्रकाश उतरलेला दिसला की सेल काढावेत, ‘अजून थोडा चालतोय’ म्हणून ताणू नयेत.

यावरचा उपाय पेनाने होतो. एकाच पाकिटातले चार सेल हा एक संच मानावा. प्रत्येकावर न पुसणाऱ्या मार्करने अ१, अ२, अ३, अ४ आणि खरेदीचा महिना-वर्ष लिहावं. संच एकत्र वापरावा, एकत्र चार्ज करावा, एकत्र ठेवावा. धन टोकावर चिकटपट्टी किंवा लेबल लावू नये, झडपेची वाट तिथेच असते. चार सेलांतला एक वारंवार आधी मरत असेल तर त्याला संचातून काढून एकट्याच्या कामाला लावावं. उरलेल्या तिघांत नवा घालू नये.

मोबाइलमुळे आलेली एक गल्लत इथे दूर करायला हवी. लिथियम आयनसाठी ‘वीस ते ऐंशी टक्के’ हा सल्ला सर्वांना पाठ झाला आहे, आणि त्याच वेळी निकेल कॅडमियमच्या काळातली ‘पूर्ण संपवूनच चार्ज करा’ ही शिकवणही डोक्यात आहे. पेन्सिल सेलला दोन्हींतलं जसंच्या तसं काही लागू नाही. त्याला अर्धा वापरून चार्ज केलं तर चालतं, उलट पूर्ण खणून काढण्यापेक्षा ते बरं. सतत वरवर वापरल्याने व्होल्टेज थोडं मंदावतं, पण दोन-तीन वेळा प्रति सेल १ व्होल्टपर्यंत उतरवून भरलं की सुधारतं, आणि हे काही महिन्यांतून एकदा केलं तरी पुरतं. या रसायनाला न भरडता वापरलं तर ते किती टिकतं याचा मोठा पुरावा टोयोटाच्या प्रियस गाडीने दिला. १९९७ मध्ये जपानमध्ये आलेल्या या गाडीतली निकेल मेटल हायड्राइड बॅटरी यंत्रणा साधारण ४० ते ८० टक्क्यांच्या पट्ट्यातच खेळवते, ना कधी उतू जाऊ देते ना तळ गाठू देते, आणि त्या बॅटऱ्या वर्षानुवर्षं चालल्या. घरात आपल्याला टक्के मोजता येत नाहीत. वेळेवर थांबणारा चार्जर आणि वेळेवर काढलेला सेल एवढं आपल्या हातात आहे.

आणि उष्णता. या विषयात महाराष्ट्रातल्या माणसाने सर्वांत जास्त जपायची गोष्ट हीच. सेल चार्ज करण्याची सांगितलेली वरची मर्यादा ४०-४५ अंश असते. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी पत्र्याखालच्या खोलीत चार्जर लावण्याआधीच ती मर्यादा ओलांडलेली असते. गरम सेल वीज नीट स्वीकारत नाही, त्याचा शेवटचा उतारही पुसट होतो, म्हणजे चार्जर फसण्याची शक्यता नेमकी तेव्हाच वाढते. उन्हाळ्यात पहाटे किंवा रात्री उशिरा, फरशीवर, पंख्याच्या वाऱ्यात चार्ज करावं. चार खणांत दोनच सेल, एक खण सोडून लावले तर आणखी बरं. सेट-टॉप बॉक्सवर, फ्रिजच्या डोक्यावर, बंद कपाटात, गादीवर चार्जर ठेवू नये. या जागा सवयीच्या आहेत आणि चारही वाईट आहेत. शेवटच्या टप्प्यात सेल कोमट लागणं स्वाभाविक. पाच सेकंद हातात धरवत नाही इतका तापला, तर चार्जर बंद करून सेल उघड्यावर गार होऊ द्यावेत आणि त्या चार्जरवरचा विश्वास काढून घ्यावा. बाहेर काढलेला गरम सेल लगेच यंत्रातही घालू नये.

कोकणात आणि गोव्यात प्रश्न वेगळा, दमट हवेचा. पट्ट्यांवर हिरवट-पांढरा थर येतो. खोडरबराने घासून, औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावं. सेल गळून बसलेली पांढरी पूड असेल तर ती कोणत्या सेलची ते आधी पाहावं. अल्कलाइन आणि रिचार्जेबल सेलमध्ये पोटॅशियम हायड्रॉक्साइड असतं, ते अल्कली, म्हणून कापसाच्या काडीवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस. स्वस्त झिंक-कार्बन सेलची गळती आम्लधर्मी असते, तिथे पाण्यात कालवलेला खाण्याचा सोडा. दोन्ही वेळा नंतर ओल्या काडीने पुसून पूर्ण वाळवावं. हातमोजे घालावेत, डोळ्याला बोट लागता कामा नये.

साठवण सोपी. कोरडी, गार जागा, प्लॅस्टिकची बंद डबी. किल्ल्या आणि नाण्यांच्या सोबत खिशात नको, दोन टोकं जुळली तर सेल चटका बसेल इतका तापतो. फ्रिजमध्ये ठेवायची गरज नाही, बाहेर काढल्यावर त्यावर पाणी धरतं. महिनोन्‌महिने न लागणाऱ्या यंत्रातून सेल काढून ठेवावेत, कारण बंद यंत्रही थोडं थोडं पीत असतं. वर्षातून एकदा सगळे सेल चार्ज करावेत. दिवाळीच्या साफसफाईला जोडून ठेवलं की लक्षात राहतं.

अगदी तळाला गेलेला सेल हुशार चार्जर अनेकदा स्वीकारतच नाही, दिवा नुसता लुकलुकतो. तो मेलाच असं समजू नये. साध्या, मंद चार्जरमध्ये एका सशक्त सेलच्या जोडीने पाच-दहा मिनिटं ठेवावा, समोर बसून, हात लावून पाहत. व्होल्टेज १ च्या वर आलं की हुशार चार्जर तो घेतो. दोनदा करूनही घेतला नाही तर सोडून द्यावा.

सेल खरंच संपला का, हे घरी तपासता येतं. मल्टिमीटरने नुसतं व्होल्टेज पाहून फारसं कळत नाही, कारण मधल्या बऱ्याचशा काळात ते १.२-१.३ वर सपाट असतं. २.२ ओहमचा २ वॉटचा रेझिस्टर घ्यावा. नुकताच भरून तासभर विसावलेला सेल मोजावा, मग रेझिस्टर दोन्ही टोकांना धरून दहा सेकंदांनी पुन्हा मोजावा. अर्ध्या अँपिअरहून थोडा जास्त प्रवाह वाहतो आणि रेझिस्टर तापतो, बोटाने धरू नये. वाचन ०.०५ व्होल्टच्या आतबाहेर उतरलं तर सेल ठणठणीत. ०.१ उतरलं तर फ्लॅशमधून काढून माउसला किंवा कीबोर्डला द्यावा. ०.२ किंवा त्याहून जास्त उतरलं तर त्याचे दिवस भरले. दुसरी तपासणी सबुरीची: भरून आठवडाभर ठेवायचा आणि हीच चाचणी पुन्हा घ्यायची. आठवड्यातच ढासळणारा सेल आतून झिरपतो आहे, त्यावर इलाज नाही.

प्रत्येक जागी रिचार्जेबल सेल घालायचाही हट्ट नको. भिंतीवरचं घड्याळ, टीव्हीचा रिमोट, गॅस शेगडीचं ऑटो इग्निशन यांना इतकी कमी वीज लागते की साधा सेल वर्षभर सहज पुरतो. फ्लॅश, खेळणी, गेमचे कंट्रोलर, ट्रेकची हेडटॉर्च, वायरलेस माइक या जागा यांच्या हक्काच्या. रक्तदाबाच्या यंत्रासाठी त्याची पुस्तिका पाहावी. काही यंत्रं १.५ व्होल्ट धरून मोजतात आणि १.२ पाहून लगेच बॅटरी संपल्याची खूण दाखवतात.

अलीकडे १.५ व्होल्टचे, अंगावरच यूएसबीचं छिद्र असलेले लिथियम सेल आले आहेत. ते शेवटपर्यंत १.५ व्होल्ट देतात आणि मग पूर्वसूचना न देता एकदम बंद होतात. आतल्या सर्किटमुळे रेडिओत खरखर येऊ शकते. आणि ते कधीही निकेलच्या चार्जरमध्ये घालू नयेत. डबल एच्याच आकाराचा १४५०० नावाचा लिथियम आयन सेल त्याहून सांभाळायचा. तो ३.७ व्होल्टचा असतो, चुकून रिमोटमध्ये गेला तर रिमोट जळतो, निकेलच्या चार्जरमध्ये गेला तर आग लागू शकते. दोन्ही प्रकार घरात असतील तर वेगळ्या डब्या, वेगळा रंग.

खर्चाचं गणित शेवटी विजेवर ठरत नाही. २००० एमएएच गुणिले १.२ म्हणजे एका सेलमध्ये २.४ वॉट-तास, चारांत साडेनऊच्या थोडं वर. चार्जरमधला निम्मा अपव्यय धरला तरी एक युनिट विजेत चार सेलांचा संच पन्नास वेळा भरतो. पैसा आहे तो सेलच्या आयुष्यात. हजार वेळा भरू शकणारा सेल शंभर वेळांत संपला, तर तो दहापट महाग पडला.

आणि संपलेला सेल ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या देणं ही ग्राहकाची जबाबदारी आहे आणि त्या परत गोळा करणं ही उत्पादकाची. या सेलमध्ये कॅडमियम नसतं, पण निकेल, कोबाल्ट आणि लँथॅनम-सिरियमसारखी दुर्मीळ मूलद्रव्यं असतात, ती परत काढता येतात. धन टोकावर एक चिकटपट्टी लावून, आता इथे ती चालते, सेल एका बरणीत साठवावेत आणि बरणी भरली की ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी.